दाखवायला नेलं की

माझी मोटरसायकल मधूनच सुरू व्हायची नाही. बड्या बाजारातल्या मिस्त्रीकडे ढकलत नेली, की मात्र पहिल्याच किकला सुरू. तो प्लग काढून बाहीला पुसायचा, वायरी चाचपायचा आणि नुसती मान हलवायचा. चौथ्या खेपेला मी चिडलो, "आखिर खराबी क्या है?"

तो खाली बघतच म्हणाला, "भैया, मेरी बिटिया का भी यही है. घर में दौरे पड़ते हैं, डॉक्टर के सामने हँसती है. वो कहते हैं, कुछ नहीं है."

पुढच्या आठवड्यात दुकान बंद होतं. शेजारच्या चहावाल्याने सांगितलं, मुलगी गेली.

महिन्याभराने तो परतला. माझ्या गाडीला त्याने हातही लावला नाही.

"किसी और को दिखा लो, भैया. मेरी पकड़ में नहीं आती."