रविवारची तालीम

आमच्या होस्टेलच्या रेक्टरबाईंइतका नालायक प्रियकर अख्ख्या खानदेशात दुसरा झाला नसेल, आणि हे मी पूर्ण आदराने लिहिते आहे. जळगावात एम. एस्सी. करणाऱ्या आम्हा बावीस-तेवीस वर्षांच्या मुलींच्या त्या रेक्टर. मूळच्या साक्रीकडच्या, पन्नाशी उलटलेल्या, आवाज असा की गेटवरचा वॉचमन झोपेतही उभा राहायचा. सातच्या पुढे पाच मिनिटं झाली की रजिस्टरमध्ये सही आणि कारण, तेही स्वच्छ अक्षरात. पण रविवारी सकाळी मेसमध्ये भरताची वांगी भाजून झाली, की बाई आम्हाला साली काढायला बसवायच्या, स्वतः गळ्यात नॅपकिन बांधायच्या आणि मुलगा व्हायच्या. मग एकेकीने त्यांच्याशी बोलायचं. जवळ येण्याआधी जे बोलायला हवं आणि कुणीच बोलत नाही, ते सगळं. वांगी सोलताना हात काळे होतात, तोंड झाकता येत नाही, म्हणून वेळ भरताचीच.

आम्ही कंडोमला ‘ते’ म्हणायचो. बाई म्हणायच्या, “ते म्हंजे काय? भूत शे का?” मग वांग्याचा भाव विचारावा तसा तो शब्द मोठ्याने दहादा म्हणायला लावायच्या. मुलगा म्हणून त्या फार हलकट होत्या. ओठ काढून म्हणायच्या, “म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही?” कधी डोळ्यांत पाणी आणायच्या, कधी रुसून शेगडीकडे तोंड करून बसायच्या. एखादी विरघळली की नॅपकिन सोडून खेकसायच्या, “ऊठ, पहिल्यापासून.” त्यांचं म्हणणं एकच होतं: ज्याच्याशी हे बोलायची लाज वाटते, त्याच्यासमोर कपडे काढायची घाई कशाला?

तेव्हा मला एक मित्र होता, वर्गातलाच, जामनेरचा. मेहरूण तलावाच्या काठावर मी धीर करून विषय काढला, आणि त्याने ओठ काढून म्हटलं, “म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही?” शब्दन् शब्द तोच. मला बाई आणि त्यांचा नॅपकिन आठवून इतकं हसू फुटलं की भीती कुठल्या कुठे पळाली. म्हटलं, “विश्वास आहे म्हणून तर बोलतेय. आधी दोघांची तपासणी, आणि कंडोमशिवाय नाही.” तीन दिवस त्याने तोंड दाखवलं नाही. चौथ्या दिवशी येऊन विचारलं, “तपासणी कुठे करतात?” पुढे आमचं फिसकटलं ते नोकरीच्या गावावरून, यावरून नाही.

मग एका मुलीच्या घरी हे कळलं. संस्थेच्या लोकांनी पालकांना बोलावलं. केळीच्या बागेतलं काम टाकून यावलहून माझे वडील, नाना, आले. बाईंना ठेवायचं की काढायचं, हे त्या सभेत ठरणार होतं. “तुम्ही मुलींना असलं शिकवता?” अध्यक्षांनी विचारलं. बाई उभ्या राहिल्या. “हा, शिकाडं. आखो शिकाडसू.” शिकवलं, आणि आणखी शिकवीन. मग अध्यक्ष आमच्याकडे वळले. या शिकवण्याचा जिला उपयोग झाला असेल तिने हात वर करावा, म्हणाले. नाना शेजारीच बसले होते. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. एकही हात वर गेला नाही, आणि संध्याकाळपर्यंत बाईंची नोकरी गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांची बॅग उचलून मी स्टँडपर्यंत गेले. रडतच म्हटलं, मी बोलायला हवं होतं. बाईंनी बॅग माझ्या हातातून घेतली. “बापसमोर बोलानी तालीम आपली राहीच गई, बेटा. ती चूक मन्ही शे.” आणि साक्रीच्या गाडीत चढल्या.

ती चूक त्यांची नव्हती. आता मी धुळ्याच्या एका कॉलेजात शिकवते आणि विद्यार्थिनींपुढे मुलगा होऊन रुसते. तक्रारी आल्या आहेत, अजून येऊ देत. बाईंसारखं डोळ्यांत पाणी मात्र मला आणता येत नाही. त्या आता कुठे असतात, ठाऊक नाही, नाहीतर हे लिहिलेलं त्यांना पाठवलं असतं. म्हणून ते घेऊन आज यावलला निघाले आहे. नाना ऐंशीला टेकलेत, चष्मा सापडत नाही म्हणतील. मी मोठ्याने वाचून दाखवणार आहे.