मधोमध आलेला आवाज

फोन आला तेव्हा मी कुणाच्या तरी ब्लाउजला बाही जोडत होते. फोन माझ्या यजमानांचा होता, संभाजीनगरच्या दवाखान्यातून. एरवी हे फोनवर आधी जेवण झालं का विचारतात, मग दुकानाची चौकशी करतात, मग कामाचं बोलतात. त्या दिवशी तसं काही नाही. "विलास गेला," एवढंच म्हणाले आणि फोन तसाच हातात धरून बसले असावेत, कारण पलीकडची वर्दळ मला ऐकू येत राहिली... कुणीतरी चाकांची गाडी ढकलत होतं, कुणीतरी चप्पल ओढत चाललं होतं. मीही फोन ठेवला नाही. विलास म्हणजे माझे धाकटे दीर. ऑपरेशन पार पडलं होतं, ते शुद्धीवर आले होते, माझ्याशी फोनवर दोन शब्द बोलले होते, आणि मग जो ताप चढला तो उतरलाच नाही.

पुढचे काही दिवस आमचं परतूरचं घर माणसांनी भरलेलं होतं. येणारा जो तो "देवमाणूस होता" म्हणायचा. मला ते बिलकुल पटलं नाही. भाऊजी देवमाणूस नव्हते. हट्टी होते, खोचक होते, भाजीत मीठ कमी पडलं तर पहिल्याच घासाला बोलून दाखवणारे होते, आणि एखाद्याला गाण्यातलं काही कळत नाही असं एकदा ठरवलं की त्याच्याशी फक्त हवापाण्यावर बोलायचे. मला तो हट्टी दीर परत हवा आहे. देवमाणूस ज्याला हवा त्याने खुशाल न्यावा.

मी लग्न होऊन आले तेव्हा ते कॉलेजात होते, आणि घरातला टेप त्यांच्याशिवाय कुणी लावलेला त्यांना खपत नसे. पुढे घनसावंगीला एका पतसंस्थेत नोकरी लागली. रोजचं जाणं-येणं, कधी एसटी, कधी जीप. गाडीचा खडखडाट कानावर पडू नये आणि घरी आपलं गाणं दुसऱ्याच्या कानावर पडू नये, म्हणून त्यांनी कान पुरता झाकणारा, मागून बंद असलेला हेडफोन घेतला. दोन दिवस खूश होते. तिसऱ्या दिवशी तक्रार सुरू झाली. गाण्यातली बाई डब्यात तोंड घालून गातेय म्हणे. सुट्टीच्या दिवशी बघते तर माझ्या शिवणाच्या टेबलावर त्या नव्याकोऱ्या हेडफोनची दोन्ही झाकणं उघडी, आणि भाऊजी वाकून आत बघत बसलेले. "मोडला का?" विचारलं, तर म्हणाले, सुधारून राह्यलो.

त्यात मी कशी ओढली गेले, तेही सांगते. हेडफोनच्या गाद्यांना जे पातळ रेक्झिन असतं, ते आमच्याकडच्या उन्हाळ्यात टिकत नाही. घामाने त्याचे पापुद्रे सुटतात. एक दिवस भाऊजी ऑफिसातून आले तर दोन्ही कानांमागे काळे ठिपके. मी म्हटलं, "भाऊजी, तीट कुणी लावली?" आरशात बघून आले आणि तशीच ती सोललेली गादी माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "वैनी, ही शिवता येईल का?" आता फॉल-पिको आणि ब्लाउज करणाऱ्या बाईला हे विचारणं म्हणजे चिडवणंच. मी शिवून दाखवली. मऊ झालेल्या सुती साडीची, आत फोम भरून. कानाला इतकी छान लागली की त्यांनी मान डोलावली, आणि गाणं लावल्यावर तीच मान नकारार्थी हलली. तबल्यातल्या बायाचा, म्हणजे डाव्या हाताच्या डग्ग्याचा, घुमार गेला होता. सुती कापडातून हवा निसटते, आणि हवा निसटली की खालचा आवाज राहत नाही, हे मला तेव्हा कळलं. मग बाहेरून रेक्झिन आणि कानाला टेकते तेवढीच बाजू सुती, असा मधला मार्ग निघाला. भाऊजींना चष्मा होता. त्याची काडी गादीखाली दाबली जाऊन कानशील दुखायचं, म्हणून मी गादीत काडीपुरती खाच ठेवली. ती खाच मी माझ्या मनाने ठेवली होती आणि त्याचा मला अजून अभिमान आहे.

आतल्या कामात मी पडत नसे, पण बघून बघून कळायला लागलं. चिमूटभर पिंजलेला कापूस झाकणाच्या आत पसरला की डब्यातला घुमणारा आवाज मरतो. जास्त ठासला तर गाणंच मरतं. आत आवाज काढणारा जो पडदा असतो, त्याच्यामागच्या बारीक भोकावर जखमेला लावायची कागदी पट्टी चिकटवली की बाया आवरतो. वरची पट्टी डोकं आवळत असेल तर ती ताणून ठेवायची, आणि ताणून ठेवायला भाऊजींना घरात माझा साबुदाण्याचा डबाच बराबर मापाचा सापडला. चतुर्थीच्या दिवशी डब्यावरून तो हेडफोन काढायला मला मनाई होती. मी काढला. दिवसभर अबोला.

त्यांच्या प्रत्येक सुधारणेची परीक्षा माझ्या कानांवर व्हायची. त्यासाठी एका जुन्या मैफलीचं रेकॉर्डिंग ठरलेलं होतं. त्यात डावीकडे तंबोरा, उजवीकडे तबला आणि मधे गाणारी बाई. मला ना राग कळत, ना ताल. मी आपली सांगायची, आज बाई भिंतीआड बसलीय, आज तबल्यावर कुणी गोधडी टाकलीय का. ते हसायचे नाहीत. लगेच झाकण उघडायचे. "तुम्हाला गाण्यातलं कळत न्हाई ना वैनी, म्हणूनच तुम्ही खरं सांगता," म्हणायचे. त्यांची अट एकच असायची. बाईचा आवाज मधोमध आला पाहिजे, दोन्ही भुवयांच्या मधे. थोडासुद्धा इकडे-तिकडे सरकला तर सगळं पहिल्यापासून. मी डोळे मिटून बोट कपाळावर ठेवून दाखवायची, इथे येतोय, आणि त्या बोटाकडे बघताना त्यांचा चेहरा असा काही व्हायचा की भाजी करपली तरी मी उठत नसे.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर भाऊजींनी डाव्या बाजूचं गाऱ्हाणं सुरू केलं. तंबोरा फिका येतो म्हणे. डावं झाकण उघडलं, कापूस काढला, पट्टी सोलली. तरी फिकाच. दुसऱ्या कंपनीचा नवा हेडफोन मागवला, त्याचीही डावी बाजू कच्ची निघाली. तिसराही तसाच. सगळ्यांना डावीकडचंच काय वावडं आहे, म्हणून ते कंपन्यांवर इतके चिडले की सुरेखा, म्हणजे माझी जाऊ, हसून बेजार. मग एका रविवारी दुपारी आले आणि म्हणाले, आता जमलंय, बघा. मी घातला. डाव्या कानात तंबोऱ्याच्या तारा सुईसारख्या टोचल्या. बाई पार डावीकडे सरकून बसलेली. मी पटकन काढला आणि जे वाटलं ते सांगितलं.

त्यांना पटेना. माझ्याच कानात काहीतरी बिघाड आहे असं त्यांचं म्हणणं पडलं. मला राग आला. मी म्हटलं, मग उलटा घालून बघा की, डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे. हेडफोन वाईट असेल तर खोट बाजू बदलेल, एवढं शिंपिणीलाही कळतं. त्यांनी उलटा घातला. मी समोर उभी होते. तंबोरा आता उजवीकडून येत असणार, आणि तो त्यांना लख्ख ऐकू आला, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. मग त्यांनी डाव्या कानावर हात ठेवून झाकण दाबलं, सोडलं, परत दाबलं. आता तबला फिका झाला होता. डावीकडे जे जाईल ते फिकं होत होतं... मग हेडफोन काढून त्यांनी टेबलावर अगदी सरळ ठेवला.

"म्हंजे हेडफोनची काही चूक न्हाई," ते म्हणाले.

संभाजीनगरला तपासण्या झाल्या. डाव्या कानाच्या नसेवर गाठ होती आणि ती आत मेंदूकडे सरकत होती. काढायला हवी, पण काढताना डावा कान कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. घरी आल्यावर आम्हाला वाटलं, आता तारीख ठरेल. भाऊजी तारीख घेईनात. आज बघू, उद्या बघू. माझ्या यजमानांचा जीव धाकट्या भावात अडकलेला, पण त्यांना ते प्रेमाने बोलता येत नाही. बी-बियाणाच्या दुकानात दिवसभर बोलून त्यांचं बोलणं संपतं आणि घरी फक्त चिडचिड उरते. हेडफोनला ते कायम कानाचे डबे म्हणत आले, एकदाही घालून बघितला नव्हता. त्या दिवशी जेवताना त्यांचा बांध फुटला. "एका कानापायी जीव घालवतो का बे? बायकोकडं बघ," म्हणाले. सुरेखा ताटावरून उठून गेली.

भाऊजींनी घास खाली ठेवला. "दादा, मला आवाज मधोमध येईना झालाय. एकदा दोन्ही कानांनी बराबर ऐकू दे. मंग कापा काय कापायचं ते."

हे उठून हात धुवायला गेले. तारीख मात्र त्याच आठवड्यात घेतली गेली.

मग तो शेवटचा हेडफोन सुरू झाला. सुरेखाने सुचवलं होतं की मोबाइलमध्ये डावीकडचा आवाज वाढवायची सोय असते, तेवढं करा की. भाऊजींनी ते आधीच करून पाहिलं होतं. त्याने सगळंच वाढतं, आणि त्यांचा कान खालचे आवाज अजून धरत होता, हरवले होते ते वरचे, बारीक. म्हणून उजव्या झाकणात कापूस भरून तो आवाज मंद करायचा, डावं झाकण होता होईल तितकं मोकळं आणि कडक ठेवायचं, असं त्यांनी योजलं. आयुष्यभर दोन बाजू सारख्या करण्यात घालवलेला माणूस आता मुद्दाम एक वाकडी करत होता. मी गाद्या शिवल्या. उजवी जाड, डावी पातळ. शिवताना दोरा सारखा डोळ्यांपुढे पुसट होत होता, आणि मी म्हणत होते की उजेड कमी आहे. परीक्षेला या वेळी माझे कान उपयोगाचे नव्हते. ते एकटेच ऐकत, काढत, चिमूट-चिमूट कापूस कमी-जास्त करत. मी चहा ठेवून जात असे.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी मी ओट्यापाशी होते, तेव्हा त्यांनी हाक मारली. बाहेर गेले तर खुर्चीत ताठ बसलेले, हेडफोन डोक्यावर, डोळे मिटलेले. त्यांनी बोट उचललं आणि कपाळावर दोन भुवयांच्या मधे ठेवलं, मी ठेवायची तसं. "आला, वैनी," म्हणाले. आणि मग पूर्ण मैफल संपेपर्यंत हलले नाहीत. सुरेखा आणि मी दारात उभ्या राहून त्यांना ऐकताना बघत होतो. आम्हाला अर्थातच काही ऐकू येत नव्हतं, तो बंद हेडफोन होता... पण घरात एवढं सुख मी फार दिवसांनी पाहिलं होतं. नंतर चष्मा पुसत त्यांनी बजावलं की हा कुणाला देऊ नका, कान फोडून घेतील. सकाळच्या गाडीने ते गेले. ऑपरेशननंतर मला फोनवर म्हणाले, "डावं बंद झालं बरं का वैनी. चालतंय." हे त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

परवा सुरेखा तो हेडफोन घेऊन माझ्याकडे आली. तिला भाऊजींची मैफल ऐकायची होती, पण घातला तर डावा कान दुखला. ताई, दोन्हीकडे सारखा करून द्या ना, म्हणाली. तिचं काही चुकत नव्हतं. उजव्यातला थोडा कापूस काढून डाव्यात घालायचा, गाद्या बदलायच्या, अर्ध्या तासाचं काम. मी हो म्हटलं, आणि ती गेल्यावर टेबलाशी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले. तेवढ्यात हे दुकानातून आले. काय चाललंय विचारलं, मी सांगितलं. त्यांनी माझ्या हातातून हेडफोन घेतला, इकडून-तिकडून बघितला आणि डोक्यावर घातला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. टोपी काढायचीही त्यांना आठवण झाली नाही, ती मी काढली. मग मी मैफल लावली.

तंबोरा सुरू झाल्याबरोबर त्यांचा डावा खांदा एकदम वर गेला. डोळे घट्ट मिटले, मान उजवीकडे ओढली गेली. दुखत होतं, दिसतच होतं. मी गादीच्या कडेला बोट घालून झाकण जरा उचललं आणि म्हटलं, काढा तो, मी आत्ता नीट करते.

त्यांनी माझा हात धरून बाजूला केला आणि झाकण पुन्हा कानावर बसवलं.

"राहू दे," म्हणाले. "त्याला ऐकू यायला किती लागत होतं, ते मला कळू दे."

मैफल संपेपर्यंत ते तसेच बसून राहिले. सुरेखासाठी मी दुसरा हेडफोन उघडला आहे.