व्याह्याच्या गाडीचं बोनेट

माझा चुलतभाऊ शाझली म्हणजे गाढव घ्यायचं तर आधी त्याचे दात, मग खूर, मग मागं जाऊन शेपटी उचलून बघणारा माणूस. इस्ना शहरातल्या गुरांच्या बाजारात दलाल त्याला लांबूनच ओळखायचे. "आले बघा डॉक्टर," म्हणायचे, आणि आजारी जनावर मागं ढकलायचे. असल्या माणसानं गाडी घेतली ती मात्र डोळे मिटून. कारण एकच, गाडी व्याह्याची होती.

तीस वर्षं शाझलीनं ऊस तोडला. मग गुडघे गेले. वाकायचं तर तोंडातून आवाज निघायचा. तेव्हा त्यानं ठरवलं की एखादी जुनी पिकअप घ्यायची, टपाखाली दोन बाकडी टाकायची आणि गावची माणसं इस्नाला न्यायची-आणायची. बसून करायचं काम. गाडीसाठी घरातली म्हैस विकली. गोठ्यात दुसरी नव्हती.

नेमकी तेव्हाच बदावी हाजना आपली पिकअप काढायची होती. बदावी हाज म्हणजे शाझलीच्या मुलीचे, बहियाचे सासरे, नदीपलीकडच्या गावचे, हज करून आलेले. बहियाचा नवरा कुवेतला, दोन वर्षांतून एकदा यायचा. बाकीचे सगळे दिवस पोरीला सासू-सासऱ्यांच्या हाताखाली काढावे लागायचे. हाज म्हणाले, "परक्याला कशाला द्यायची? घरातल्या घरात राहील."

गाडी बघायला आम्ही तिघं गेलो. शाझली, मी आणि बिशारा उस्ताद. बिशारा आमच्या गावचा मिस्त्री. गाडी सुरू होण्याआधी तिचा खोकला ओळखतो. अंगणातल्या बाकड्यावर आम्हाला बसवलं, काळा चहा आला, त्यात चमचा उभा राहील एवढी साखर. बिशारानं पेला खाली ठेवला आणि बोनेट उघडायला उठला. तेवढ्यात बदावी हाजनी दोन्ही तळवे वर धरले. "चला, आधी फातिहा वाचू. भल्या कामाला उशीर नको."

आमचेही हात वर गेले. बिशारा ख्रिस्ती, तो परत बसला आणि मांडीवर हात ठेवून गाडीकडं बघत राहिला. फातिहा, कुराणातली पहिली सुरा, वाचून झाली म्हणजे शब्द दिला गेला, सौदा पक्का. त्यानंतर बोनेट उघडणं म्हणजे शब्दावर थुंकणं.

परतताना बिशारा म्हणाला, "मला चहा प्यायला आणलं होतंस व्हय रं?"

"उस्ताद," शाझली म्हणाला, "व्याह्याच्या दारात बोनेट उघडायचं म्हणजे विहिणीच्या भांड्यात बोट घालून वास घ्यायचा. जमतंय का?"

"भांड्यात काय शिजतंय ते तरी कळलं असतं."

घरी आल्यावर शाझलीनं बोकड कापला, रक्तात तळवा बुडवला आणि दृष्ट लागू नये म्हणून बोनेटवर पाच बोटं उमटवली. पहिले काही दिवस खरंच झोकात गेले. इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा तळाशी झोपलेला असायचा, कधी हलायचाच नाही. शाझली प्रत्येक उतारूला तो दाखवायचा. "भर उन्हात बघा. ह्याला म्हणायचं इंजिन. घाम म्हणून न्हाई."

मग एका सकाळी बारा माणसं आणि दोन मेंढ्या घेऊन पुलाची चढण चढताना काटा उठला आणि थेट वर जाऊन टेकला, मधे कुठं थांबला नाही. बोनेटवरच्या पाच बोटांखालून वाफ निघाली. मागून एक म्हातारी ओरडली, "शाझल्या, पत्ती टाक रं, पाणी उकळलंय."

त्याच्या हालांना तिथून सुरुवात झाली. बिशाराकडं तो गेला नाही. का, ते मला ठाऊक होतं. बिशारा खरं बोलला असता. आणि खरं एकदा गावात सुटलं की संध्याकाळपर्यंत नदी ओलांडतं. 'शाझली म्हणतो हाजनी फसवलं' एवढं वाक्य त्या घरात पोचलं असतं, तर बहियाला ते रोज भाकरीबरोबर गिळावं लागलं असतं.

म्हणून तो लांब एदफूला गेला, जिथं बदावी हाजना कुणी ओळखत नव्हतं. एकानं पट्टा बदलला. एकानं रेडिएटर धुतला. तिसऱ्यानं पाण्याचा पंपच नवा बसवला. गाडी सपाटीला थंड, चढणीला उकळायची ती उकळायचीच. प्रत्येक मिस्त्रीला शाझली एकच विचारायचा. "मीच फार ताणली असंल का? तीस वर्षं कोयता धरला, माझा पाय जड हाय." त्याला आजाराचं नाव नकोच होतं. चूक तुझीच आहे, असं कुणीतरी म्हणावं, एवढंच हवं होतं. तेवढंही कुणी म्हणेना.

शेवटी मीच त्याला ओढत बिशाराकडं नेलं. बिशारानं रात्रभर गाडी तशीच ठेवून घेतली. सकाळी गार इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण काढलं आणि म्हणाला, "मार स्टार्टर." पाणी अजून कोमटही झालं नव्हतं, तरी वर बुडबुडे आले, शिजणाऱ्या घेवड्याच्या हंड्यात येतात तसे, एकामागून एक.

"तापायच्या आधीच बुडबुडे," बिशारा म्हणाला. "ही हवा सिलिंडरमधली. पाण्यात घुसतीय."

मग त्यानं पाण्याच्या नळीचा कोपर उघडला आणि आत बोट घातलं. "झडप न्हाई."

पाण्याच्या वाटेवरची ही झडप, इंजिन गार असलं की मिटते, तापलं की उघडते. ती काढली की पाणी सतत फिरतं आणि काटा तळाशीच राहतो. आमच्याकडं ती कुणी ठेवतच नाही. शाझलीनं लगेच तोच धागा पकडला. "मग काय झालं, उस्ताद? सगळेच काढून फेकतात. आपल्या उन्हात ती कशाला?"

"सगळे फेकतात म्हणून तर कुणाला संशय येत न्हाई." बिशारानं नवी झडप बसवली, झाकण लावलं, इंजिन चालू केलं. आम्ही तिघं काट्याकडं बघत उभे राहिलो. काटा पहिल्यांदाच सावकाश चढला, मध्यावर आला. शाझली पुटपुटला, "थांब, बाबा." काटा थांबला नाही.

बिशारानं चावी फिरवून इंजिन बंद केलं. "इंजिनाच्या हेडला चीर गेलीय. आजची न्हाई, जुनी हाय. कडंला लुकण भरलंय बघ. आन् काटा वर येऊ नये म्हणून झडप काढलीय. ज्यानं केलं त्याला सगळं ठाऊक होतं."

"एखाद्या मिस्त्रीनं परस्पर केलं असंल."

"असंल की. चिरेतून पाणी जातंय, ते रोज कोण घालत होतं मग, मिस्त्री?"

चिरलेलं हेड बदलायचं तर खालचा ठोकळाही वाकलेला निघेल, म्हणजे इंजिनच दुसरं, असं बिशारानं सांगितलं तेही शाझलीनं ऐकून घेतलं. मग त्यानं हात अंगातल्या पायघोळ गलाबियाला पुसले, हाताला काही लागलेलं नव्हतं तरी.

"उस्ताद, झडप काढून टाक."

"शाझली."

"काढ. शुक्रवारी व्याही यायचे आहेत. पुढं बसतील."

शुक्रवारी बदावी हाज आले, सोबत बहियाही आईला भेटायला आली. जेवणं झाली, चहा झाला, आणि त्यांना सोडायला आम्ही निघालो. ऐन थंडीच्या तूबा महिन्यातला गारठ्याचा दिवस, हाजनी लोकरी शाल कानापर्यंत ओढलेली. ते पुढं बसले, मी आणि बहिया मागं बाकड्यावर, केबिनच्या खिडकीलगत.

"काय व्याही, गाडी कशी?"

"लोण्यासारखी."

"बघा की काटा. माझ्याकडं चार वर्षं होती, कधी हलला न्हाई."

"दिसतंय की, हाज."

पुलाची चढण लागली. अर्ध्यात बोनेटच्या फटीतून बारीक पांढरी रेघ निघाली. शाझलीनं गाडी कडेला घेतली, उतरून बोनेट वर केलं, मीही उतरलो. हाज नदीकडं बघत जपमाळ ओढू लागले.

कुणी काही म्हणायच्या आत बहिया खाली उतरली होती. काळ्या चादरीखालून तिनं तेलाचा पिवळा डबा काढला. तो तिनं आईच्या नळावर काठोकाठ भरून घेतला होता. चादरीचं टोक चार घड्या करून तिनं हाताला गुंडाळलं, रेडिएटरचं झाकण अर्धं फिरवलं आणि थांबली. फुसफुस संपेपर्यंत थांबली. मग पूर्ण काढलं.

"आबा, इंजिन चालूच ठेवा," ती हळू आवाजात म्हणाली. "बारीक धारेनं घालायचं असतं."

डबा तिरका करताना तिची बाही मागं सरली. मनगटाच्या वर चकाकणारी, ताणलेली कातडी होती. गेल्या वर्षी तिनं आईला सांगितलं होतं की भट्टीत भाकरी टाकताना भाजलं. शाझली त्या डागाकडं बघत राहिला. बहियानं वर बघितलं नाही, धार तुटू दिली नाही.

आतून बदावी हाजनी विचारलं, "काय झालं हो?"

शाझलीनं बोनेट सावकाश खाली आणलं, रक्ताची वाळलेली पाच बोटं पुन्हा समोर आली.

"काही न्हाई, व्याही. ऊन फार हाय."

हाजनी लोकरी शाल आणखी घट्ट ओढून घेतली. "हो," ते म्हणाले, "ऊन फार हाय."