प्रश्नाचे व्याकरण

उत्तर येत नसले की मी प्रश्नाचे व्याकरण तपासत असे, हे मी आजवर कुणाजवळ कबूल केले नव्हते. बायकोजवळही नाही, तिच्या ते फार पूर्वीच ध्यानात आले असावे, पण तिने कधी बोलून दाखवले नाही.

मी विज्ञान शिकवतो. तरीही वाशीमच्या आमच्या शाळेत माझी ख्याती आहे ती शुद्ध भाषेबद्दल. ऱ्हस्वदीर्घाचा वाद पडला, तर मराठीच्या बाईसुद्धा निवाड्यासाठी माझ्याकडे येतात. या ख्यातीचा पाया किती कच्चा आहे, हे मलाच ठाऊक होते. मी रिसोडकडच्या खेड्यातला. घरी 'मले' आणि 'तुले' यांच्यावाचून माझे पान हलत नाही. नोकरीच्या आरंभी एका मुलाने विजेबद्दल काहीतरी विचारले, मला घाम फुटला आणि तोंडातून निघून गेले की 'इचारतो' नव्हे, 'विचारतो' म्हणावे. वर्ग हसला, मुलगा बसला, तास निभावला. पुढे ही युक्ती मी इतक्या जपून वापरली, की तिची सवय कधी झाली ते कळलेच नाही.

गेल्या हिवाळ्यात नववीच्या वर्गात, अनसिंगहून ये-जा करणारी एक मुलगी उभी राहिली.

"सर, खोबऱ्याचं तेल थंडीत गोठते, मंग सोयाबीनचं काहून नाही गोठत?"

प्रश्न उत्तम होता. उत्तर माझ्याजवळ नव्हते. मी सावकाश चष्मा पुसला आणि म्हणालो, की 'काहून' घरी ठेवून यावे, शाळेत येताना 'का' आणावे. वर्ग हसला. तीही हसली आणि खाली बसली. त्यानंतर तिने काही विचारले नाही. खरे सांगायचे तर, मला हायसे वाटले.

गंमत अशी, की अभ्यास कसा करावा हे शिकवण्याचा तासही माझ्याकडेच होता. त्यातला पहिला नियम मी रंगीत खडूने फळ्यावर लिहीत असे: समजेपर्यंत प्रश्न विचारा.

पुढच्या चाचणीत तिची उत्तरपत्रिका हाती आली. पुस्तकातला परिच्छेद स्वल्पविरामांसकट उतरवला होता. मध्येच एक वाक्य होते: 'शेजारील आकृती पाहा.' शेजारी कोरा समास. मी आधी हसलो. पुन्हा वाचले, तेव्हा हसू आले नाही. इतका चांगला प्रश्न सुचलेली मुलगी आता काही समजून घ्यायच्या भानगडीतच पडत नव्हती. मी तिला बोलावून कारण विचारले. तिने जराही राग न धरता सांगितले, "आता पाठच करणं बरं, सर. पुस्तकाच्या बोलण्यात तुमाले चूक सापडत नाही."

दुसऱ्या दिवशी मी तिला भर वर्गात तेलाचा तो प्रश्न पुन्हा विचारायला सांगितले. ती उठली, ओढणी सावरली आणि सभेत आभार मानावेत तशा सुरात म्हणाली, "आदरणीय सर, खोबरेल तेल थंडीत गोठते, परंतु सोयाबीनचे तेल गोठत नाही, याचे कारण काय असावे बरे?"

सगळा वर्ग माझ्याकडे पाहत होता. आणि मी, पन्नाशी ओलांडलेला माणूस, त्या वाक्यात चूक शोधत होतो. तिच्या शेजारणीने अत्यंत सहानुभूतीने, पण सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने म्हटले, "सरले आज काहीच नाही सापडून राह्यलं वो."

हशा ओसरेपर्यंत मी थांबलो. माफीची घोटीव वाक्ये मला पुष्कळ येतात. नेमके त्या वेळी त्यांतले एकही ओठावर येईना. आली ती घरची भाषा.

"काय सापडन?" मी म्हणालो. "तवाही तुह्या प्रश्नात चूक नोती. मले उत्तर येत नोतं, मनून मी तुही बोली काढली. चूक माही होती, पोरी. माफ कर मले."