रेवणप्पा मिस्त्रीचे हात

हैदराबादेकडं जाणारा ट्रक गेला, त्यानं उडवलेला धुरळा पडद्यासारखा सावकाश बाजूला सरला आणि नळदुर्गच्या नाक्यावरचा देखावा उघडा झाला. मधोमध पाण्यानं भरलेलं पिंप. डावीकडं रिकाम्या घागरी घेऊन बसलेल्या बाया. उजवीकडं सोसायटीचे चेअरमन तात्याराव, कडक इस्तरीत. आणि पिंपाला खेटून, छातीवर ‘स्वयंसेवक’ अशी पिवळी फीत लावलेला रेवणप्पा मिस्त्री.

साल त्र्याहत्तर. रेवणप्पा विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचा. काय कान होता त्याचा! ओसरीवर बसून सांगायचा, “वीरप्पाच्या इंजिनाचा वॉल्व्ह गेला बघा.” पण विहिरी आटल्या, इंजिनं मुकी झाली. दोन वर्षं हातात पाना नव्हता. घर चाललं होतं केशरबाईच्या खडी फोडण्यावर. संध्याकाळी कामावरून आली की ती आधी नवऱ्याचे हात बघायची.

“आज बी गोरेच का, मिस्त्री?”

हसून म्हणायची, त्याला ते घणासारखं बसायचं.

जुन्या काळच्या मोटारी शर्यतीसाठी पुण्याहून हैदराबादेला निघाल्यात, वाटेत त्यांना पाणी द्यायला माणसं हवीत, हे कळल्यावर त्यानं तात्यारावांचे पाय धरले होते. एखादा साहेब आपले हात ओळखील, ‘चल माझ्याबरोबर’ म्हणेल, एवढीच आशा. दुसरी उरलीच नव्हती.

मोटारी आल्या. बिनटपाच्या, लांब नाकाच्या, पितळी दिव्यांच्या.

“मोटारीच्या जल्माला यायला पायजे हुतं बाई,” घागरीवाल्यांतली कडूबाई म्हणाली, “पाणी तरी मिळालं असतं.”

सहावी, हिरवी मोटार दिसायच्या आधीच रेवणप्पा ताठ झाला. इंजिनाचा आवाज कोरडा येत होता. मोटार थांबली, नाकातून वाफेचा लोट निघाला. चष्मेवाला तरुण साहेब ओरडला, “पाणी! लवकर!”

रेवणप्पानं भरलेला डबा उचलला. आणि खाली ठेवला.

“साहेब, अर्धा तास दम खाऊ द्या तिला. बिडाचं लोखंड तापून लाल झालंय. गार पाणी पडलं की चिरंल.”

“माझा नंबर जाईल! ओत!”

“पाया पडतो साहेब. म्या इंजिनातला माणूस हाय.”

“रेवणप्पा!” तात्याराव कडाडले. “तुला पाणी ओतायला उभा केलाय, अक्कल शिकवायला न्हाय. हो बाजूला!” त्यांनी स्वतःच डबा उपडा केला.

कट्! सुपारी फुटावी तेवढाच आवाज. 

रेवणप्पा धावला, गरम लोखंडाची पर्वा न करता त्यानं खाली हात घातला. बोटांना लोखंडातली चीर लागली, तळव्यावर तेल आणि पाणी एक होऊन ओघळलं.

साहेबानं चष्मा काढला. चेहरा पोराचा होता. “जोडता येईल तुला? येत असेल तर पुण्याला चल. गॅरेजात ठेवून घेतो.”

दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते वाक्य! ‘व्हय’ म्हटलं की झालं. रेवणप्पानं पुन्हा एकदा चिरेवरून बोट फिरवलं, आतपर्यंत. 

“न्हाय, साहेब,” तो शेवटी म्हणाला. “खोटं कशाला बोलू? ही चीर जोडणं माझ्या हातचं न्हाय. मुंबईला न्या.”

शर्यतीमागून येणाऱ्या ट्रकवर मोटार चढवली. साहेब ट्रकात बसला आणि मागं न बघता गेला. तात्यारावांनी फीत काढून घेतली, “सोसायटीची अब्रू घालवलीस” म्हणत.

दिवेलागणीला केशरबाई खडीवरून आली. उंबऱ्यात बसलेल्या नवऱ्याचे हात तिनं बघितले. कोपरापर्यंत काळे! तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

“काम लागलं?”

त्यानं मान हलवली. नाही.

 ती आत गेली, उद्यासाठी राखलेल्या पाण्यातलं तांब्याभर घेऊन आली आणि त्याच्या हातांवर घालायला वाकली. रेवणप्पानं दोन्ही हात छातीशी घेतले.

“नको गं, केशर. चार दिस राहू दे असेच.”