मनासारखे रिपोर्ट

“मॅडम, पेशंटचं ऐकू की तुमच्या रिपोर्टचं?”

वॉर्डातून डॉक्टरांचा फोन होता. पेशंट केनवड गावची, सातवा महिना, आली तेव्हा लघवीच्या इन्फेक्शनमुळे तापानं फणफणलेली. नेहमीचं इंजेक्शन त्यांनी दोन दिवसांपूर्वीच सुरू केलं होतं. माझा रिपोर्ट म्हणत होता, ते लागू पडणार नाही. चालेल असं एकच औषध आहे. आणि ते पोटातल्या बाळाच्या कानांना धोक्याचं.

“पण ताप तर उतरतोय. नक्की ना?”

“खाली माझी सही आहे,” मी फटकन म्हटलं. मला कुणी असं विचारलेलं आवडत नाही. फोन ठेवला आणि मग चैन पडेना.

मी वाशीममध्ये मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. पेशंटचे जंतू प्लेटवर पसरायचे, त्यावर अँटिबायोटिक लावलेल्या टिकलीएवढ्या कागदी चकत्या ठेवायच्या. त्यांना आम्ही डिस्क म्हणतो. औषध लागू पडत असेल तर डिस्कभोवती जंतू उगवत नाहीत, गोल मोकळी जागा राहते. जिल्ह्यात औषधांना न जुमानणारे जंतू किती वाढलेत, यावर माझं संशोधन चालू होतं. त्या मे महिन्यात प्लेटमागून प्लेट, जंतू डिस्कला खेटून उगवलेले. वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, मला आनंद होत होता. संशोधनाच्या पेपरात ‘चिंताजनक’ हा शब्द मी आधीच टाकून ठेवला होता.

तेवढ्यात पेशंटची सासू दारात आली.

“मॅडम, डाक्टर म्हणे त्या औषधानं लेकराच्या कानाले धोका हाये. मंग काहून देता? माह्या सुनेनं तं कधी साधी गोळी नाई खाल्ली.”

गोळी न खाणाऱ्यालाही असा जंतू होऊ शकतो, हे मला ठाऊक होतं. तरी त्यांना बसवलं आणि आठवड्याच्या सगळ्या प्लेट टेबलावर मांडल्या. गावं वेगळी, जंतू वेगळे, फेल मात्र त्याच त्या डिस्क. इतकं एकमत जंतूंमध्ये नसतं.

लॅबमध्ये एक ओळखीचा जंतू सांभाळलेला असतो. तो साध्या औषधांना मरतोच. दर आठवड्याला तो लावून डिस्क तपासायच्या, याला कंट्रोल म्हणतात. तीन आठवडे मी तो लावलाच नव्हता. रिपोर्ट मनासारखे येत होते ना.

रहीमचाचा आमचे अटेंडंट. सकाळी टेबल मांडणं, संध्याकाळी आवरणं त्यांच्याकडे.

“चाचा, डिस्कच्या डब्या रोज कुठं ठेवता?”

“इथंच मॅडम, इन्क्युबेटरवर.”

इन्क्युबेटर म्हणजे जंतू वाढवायची उबदार पेटी. डब्यांची जागा फ्रिजमध्ये, उबेत डिस्कवरचं औषध निकामी होतं. मी फ्रिज उघडला. त्या कप्प्यात इन्सुलिनच्या बाटल्या होत्या, प्रत्येकीला चिकटपट्टी, त्यावर एकेकाचं नाव.

“गरीब लोक हायेत. घरी फ्रिज नाई, उन्हानं दवाई खराब होऊन राह्यली होती. म्हून डब्या वर ठेवल्या. जागा साफ हाये, मी रोज पुसतो.”

डबीला हात लावला. कोमट होती. ओरडणार होते, पण त्या नावांकडे पाहिलं आणि डबी खाली ठेवली.

डॉक्टरांना फोन केला. “इंजेक्शन बदलू नका. उद्या सकाळी सांगते.”

“म्हणजे आता रिपोर्टवर विश्वास नाही?”

“डिस्कवर नाही.”

डीप फ्रीझरमधली नव्या डिस्कची सीलबंद डबी काढली. ओळखीच्या जंतूवर आणि या पेशंटच्या जंतूवर, दोन्हींवर जुन्या-नव्या डिस्क शेजारी शेजारी लावल्या. सकाळी पाहिलं तर जुन्या डिस्कना ओळखीचा जंतूसुद्धा खेटून उगवलेला, नव्यांभोवती ऐसपैस मोकळी जागा. पेशंटच्या प्लेटवरही तेच. चालू इंजेक्शन अगदी बरोबर होतं. आधीचा रिपोर्ट रद्द केला आणि सासूबाईंना सांगायला स्वतः वॉर्डात गेले.

मग त्या तीन आठवड्यांतल्या प्रत्येक पेशंटच्या डॉक्टरांना फोन. काहींनी माझ्या रिपोर्टवरून औषधं बदलूनही टाकली होती. ते ऐकताना फार लाज वाटली.

हॉस्पिटलच्या साहेबांनी चुकीची नोंद करायचा फॉर्म पुढे ओढला. “चूक कोणाची लिहू? रहीमची?”

“माझी. कंट्रोल मी लावला नव्हता.”

इन्सुलिनसाठी अडगळीतला जुना फ्रिज दुरुस्त करून मिळाला. संशोधनातून ते सगळे रिपोर्ट काढून टाकले. हट्टी जंतू जिल्ह्यात खरोखरच आहेत, पण मला वाटत होते तितके नाहीत. मनासारखं उत्तर आलं की माणूस दुसऱ्यांदा तपासत नाही, एवढं मी शिकले.

थंडीत सासूबाई नातीला घेऊन लॅबमध्ये आल्या. “टाळी वाजवली का मान वळवते, पाहा मॅडम!”

चाचांनी मागून टाळी वाजवली. पोरीनं मान वळवली.

“पुन्हा वाजवा,” मी म्हटलं.