बेचाळीस मिनिटांचा उतार

जीपच्या चाकाखालचा दगड पायानं उडवायचा, सुटलेल्या गाडीत टुणकन चढायचं आणि ओरडायचं, "बसा गो, उतार हाय तवर चिंता नाय!" स्टार्टर कधीच मेला होता. म्हणून हा गृहस्थ पोलादपूरच्या वरच्या वाडीपासून महाडच्या बाजारापर्यंत गाडी उतार बघूनच उभी करायचा. सपाटीवर बंद पडली, की धक्का मारायला आम्ही पॅसेंजर होतोच. असा एखादा तुमच्याही वाटेवर असेल.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. एकदा धक्का मारून दम लागला, तेव्हा वैतागून म्हणालो, "पृथ्वीच्या पोटातून सरळ बोगदा खणला ना, तर गाडी इंजिनाशिवाय जाईल. अर्धी वाट उतार, त्याच वेगात पुढचा चढ. घर्षण तेवढं नको. मग मुंबई असो नाहीतर अमेरिका, बेचाळीस मिनिटं!"

तो खालीच उतरला.

"मधीच बंद पडली तर धक्का कोन मारनार?"

मी रुमालानं घाम पुसत राहिलो.

"नि त्या टोकाला कुनी धरली नाय तर?"

"तर आपोआप परत. निघाली तिथंच."

"बेचाळीस मिनटं," तो पुटपुटला. "मंग पोराला लांब पडतं म्हनायला तोंड नाय."

मुलगा मुंबईला. दोन शिमगे आला नव्हता.

पुढं प्रत्येक फेरीला बोगदा निघायचा. "तोंड आमच्या वाडीलाच पायजे. उंचावर हाय, उतार जास्त गावंल!" तुडीलच्या एका आजीनं तर खिडकीची जागाही सांगून ठेवली.

मग त्याची नजर अधू झाली, गाडी चालवणं सुटलं. बायको आधीच गेलेली. मुलाचा फोन आला, इकडेच या. दोन खोल्यांत आपल्याला ठेवून घेतील का, याच घोरात तो होता. जीप माझ्या अंगणाकडेच्या उतारावर लावून निघताना म्हणाला, "तिकडं कुनी धरलं नाय, तर येतोच परत." हसला, पण माझा हात सोडेना.

पंधरा दिवसांत येतोय बघा, असं स्टँडवर सगळेच म्हणत होते. खरं सांगायचं तर मलाही तो यायलाच हवा होता. गणपती झाले, शिमगा झाला. मग फोन आला.

"गुरुजी, नात सोडत नाय. माजा हात धरूनच निजते."

इतकं बरं वाटलं, की फोन ठेवून मी अंगणात आलो. जीप अजून अंगणाकडेला उभी आहे. चाकाखालचा दगड मी काढलेला नाही.